वाचकांचे प्रश्न : मे महिन्यात हॅरी पॉटरचा स्टुडिओ

सुट्टीतल्या सहलींबद्दल प्रश्न पाठवा म्हटल्यावर सोलापुरातून आलेल्या पत्रांत एका ठिकाणाचं नाव फार वेळा आलं : लंडनजवळच्या लीव्हस्डनचा 'वॉर्नर ब्रदर्स स्टुडिओ टूर'. हॅरी पॉटरच्या आठही चित्रपटांचं बरंचसं चित्रीकरण जिथं झालं तीच ही जागा. ३१ मार्च २०१२ पासून ती लोकांना बघता येते. एकसारखे प्रश्न आम्ही एकत्र केले आहेत.

मुलगा नोकरीनिमित्त लंडनला असतो. आम्ही दोघं आणि नववीतली, चौथीतली अशी दोन नातवंडं मे महिन्यात जाणार आहोत. स्टुडिओचं तिकीट तिथं गेल्यावर खिडकीवर मिळेल ना? (जुळे सोलापूर)

नाही. तिथं तिकीटखिडकीच नाही. तारीख आणि आत जायची वेळ निवडून आधी ऑनलाइन बुकिंग करावं लागतं, आणि गर्दीच्या दिवसांची तिकिटं काही महिने आधीच संपतात. लंडनला पोचल्यावर 'बघू परवा जाऊ' म्हणणाऱ्यांना बहुतेक वेळा मोकळ्या हाताने परतावं लागतं.

मोठ्यांचं तिकीट ५० पौंडांच्या पुढे आहे. १६ वर्षांपासून पुढे मोठ्यांचा दर, ५ ते १५ वयाला मुलांचा दर. चार वर्षांपर्यंतच्या मुलांना फुकट प्रवेश असतो, पण त्यांचंही शून्य रकमेचं तिकीट बुकिंगमध्येच घ्यावं लागतं. 'लहान आहे, मांडीवर बसेल' हा हिशेब इथं चालत नाही.

तुमच्या बाजूची एक गोष्ट सांगतो. ब्रिटनमधल्या शाळांना उन्हाळी सुट्टी लागते जुलैच्या अखेरीस. मेच्या पहिल्या तीन आठवड्यांत तिकडची मुलं वर्गात आणि आपली मोकळी. या काळातले मंगळवार ते गुरुवार सर्वांत सोयीचे. मेचा पहिला आणि शेवटचा सोमवार तिथं सार्वजनिक सुट्टी असते, आणि शेवटच्या आठवड्यात शाळांनाही आठवडाभर सुट्टी असते. ते दिवस टाळा.

वेळ सकाळचीच घ्या. आत गेल्यावर बंद होईपर्यंत कुणी बाहेर काढत नाही, त्यामुळे तेवढ्याच पैशांत सकाळच्या तिकिटाला जास्त वेळ मिळतो. दुपारी उशिराच्या तिकिटावर शेवटचा भाग धावतपळत बघावा लागतो, आणि नेमकं शेवटीच सगळ्यात देखणं काय आहे ते पुढे येईलच.

आधी व्हिसा की आधी तिकीट? व्हिसा नाकारला तर तिकिटाचे पैसे मिळतात का? (होटगी रोड)

तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत असंच धरून चाला. खरी अडचण वेळेच्या गणितात आहे. ब्रिटनच्या पर्यटक व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त तीन महिने आधी करता येतो, आणि बोटांचे ठसे दिल्यानंतर निर्णयाला साधारण तीन आठवडे लागतात. मेच्या पहिल्या आठवड्यात निघायचं असेल तर फेब्रुवारीच्या सुरुवातीला अर्ज करा, म्हणजे महिना संपता संपता निकाल हातात येईल. मेमधल्या मधल्या वाराची तिकिटं मार्चच्या सुरुवातीला मिळण्याची आशा बऱ्यापैकी असते. जुलै-ऑगस्टला जाणाऱ्यांनी मात्र तिकिटाची जोखीम घेऊन ते आधी काढावं.

अर्ज ऑनलाइन, ठसे आणि फोटो पुण्याच्या केंद्रावर. कुटुंबातल्या प्रत्येकाचा अर्ज वेगळा आणि फीही वेगळी. अपॉइंटमेंट दुपारची घेतली तर सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने जाऊन संध्याकाळच्या हुतात्माने परत येता येतं, मुक्कामाचा खर्च वाचतो. पहाटेची गाडी चुकली तर अपॉइंटमेंटही जाते, म्हणून सकाळी अकराची वेळ घेऊ नका.

स्टुडिओचं तिकीट दाखवल्याने व्हिसा सोपा होतो असं काही एजंट सांगतात. तसं काही नाही. बँकेची उलाढाल, नोकरी-धंद्याचे कागद आणि परत येण्याची कारणं, हेच बघितलं जातं.

तिथं झुले, रोलर कोस्टर किती आहेत? (विजापूर रोड, वय १२)

एकही नाही. झुले पाहिजेत तर ते ऑरलँडो, हॉलिवूड, ओसाका आणि बीजिंगच्या युनिव्हर्सल पार्कमध्ये. लीव्हस्डनला चालत चालत सेट, कपडे, मुखवटे आणि यंत्रं बघायची असतात. हे घरून निघण्याआधीच माहीत असलेलं बरं, म्हणजे तिथं गेल्यावर तोंड वाकडं होणार नाही.

आत शिरताना 'अ‍ॅक्टिव्हिटी पासपोर्ट' मागून घे. तो फुकट असतो, पण मागितल्याशिवाय मिळेलच असं नाही. वाटेत ठिकठिकाणी शिक्के मारायचे असतात आणि लपवलेले सोनेरी स्निच (हॅरीच्या खेळातले पंखवाले छोटे चेंडू) शोधायचे असतात.

लंडनहून जायचं कसं? मेट्रो थेट जाते का? (सात रस्ता)

भुयारी रेल्वे स्टुडिओपर्यंत जात नाही. युस्टन स्टेशनवरून वॉटफर्ड जंक्शन, आणि तिथून स्टुडिओची शटल बस. जलद गाडीला साधारण २० मिनिटं लागतात, बसला १५. तिकिटावर जी वेळ असेल त्याच्या किमान ४५ मिनिटं आधी वॉटफर्ड जंक्शनला असा. बसमध्ये चढताना स्टुडिओचं तिकीट दाखवावं लागतं; ते फोनमध्ये आधीच साठवून ठेवा, रस्त्यात नेट मिळेलच याचा भरवसा नाही.

चूक होते ती दोन ठिकाणी. युस्टनवरूनच 'लायनेस लाइन' नावाची लोकल पण वॉटफर्ड जंक्शनला जाते. ती सगळी स्टेशनं घेत जाते आणि पाऊण तासाच्या वर लावते. फलाटावर 'वॉटफर्ड जंक्शन' दिसलं म्हणून चढू नका. मधे किती थांबे आहेत ते बोर्डावर बघा. दुसरं, वॉटफर्ड नावाची स्टेशनं अनेक आहेत : वॉटफर्ड हाय स्ट्रीट, वॉटफर्ड नॉर्थ, आणि भुयारी रेल्वेच्या मेट्रोपॉलिटन लाइनचं नुसतं वॉटफर्ड. शटल फक्त जंक्शनवरूनच सुटते.

भाड्यासाठी कॉन्टॅक्टलेस कार्ड चालतं, फॉरेक्स कार्डही. पण एका कार्डावर एकच माणूस. चौघांना चार कार्डं लागतील, नाहीतर कागदी तिकीट काढा. वॉटफर्ड जंक्शन लंडनच्या नेहमीच्या झोनच्या बाहेर आहे, त्यामुळे झोन १ ते ६ चा पास तिथपर्यंत पुरत नाही. पास आहे म्हणून निर्धास्त बसलात तर दंड बसेल.

लंडनहून बस आणि तिकीट एकत्र देणारी पॅकेजेस महाग पडतात. पण साइटवर तिकिटं संपलेली असताना त्यांच्याकडे कधी कधी शिल्लक असतात. शेवटचा उपाय म्हणून लक्षात ठेवा.

हॅरी शाळेच्या गाडीसाठी भिंतीतून फलाटावर जातो, त्याची आठवण म्हणून ठेवलेली भिंतीत अर्धी घुसलेली ट्रॉली आणि तिथला फोटो हे प्रकरण वेगळं. ती किंग्ज क्रॉस स्टेशनात आहे, स्वतःच्या मोबाइलवर फोटो काढायला पैसे लागत नाहीत. युस्टनपासून चालत पंधरा मिनिटं. सकाळी लवकर गेलात तर रांग कमी.

माझे गुडघे दुखतात. किती चालावं लागेल? आणि नक्की काय बघावं, काय सोडावं? (साखर पेठ)

साडेतीन तास धरा. चित्रपटांची गोडी असलेलं कुणी बरोबर असेल तर पाच. व्हीलचेअर तिथं मिळते आणि बहुतेक भाग सपाट आहे. अडचण एकाच जागी : जादूगारांची बाजारपेठ असलेल्या डायगॉन अ‍ॅलीचा रस्ता दगडी, खडबडीत आहे. काठी वापरत असाल तर तिथं सावकाश, कडेने चाला.

बहुतेकांचं गणित कुठं चुकतं ते सांगतो. सुरुवातीची छोटी फिल्म, मग ग्रेट हॉल म्हणजे हॅरीच्या शाळेचं जेवणघर, मग एक भलंमोठं दालन. त्यात वसतिगृहाची खोली, औषधांचा वर्ग, मुख्याध्यापक डम्बलडोरचं कार्यालय, शाळेचा राखणदार हॅग्रिडची झोपडी. नंतर जंगल, मुलांना शाळेत नेणारी आगगाडी, आणि मग बॅकलॉट नावाचा उघड्यावरचा भाग आणि कॅफे. कॅफेत पोचेपर्यंत माणूस दमलेला असतो आणि संपलं असं समजून निवांत खात बसतो. तो मध्यंतर आहे! पुढे प्राण्यांच्या मुखवट्यांचा विभाग, जादूगारांची ग्रिंगॉट्स बँक, डायगॉन अ‍ॅली, आराखडे आणि सगळ्यात शेवटी किल्ल्याची प्रतिकृती. गुडघ्यांची ताकद त्या दुसऱ्या अर्ध्यासाठी राखून ठेवा. पहिल्या दालनात कपड्यांच्या कपाटांपुढे फार रेंगाळू नका.

ग्रेट हॉलमध्ये गटाने सोडतात आणि तिथून पुढे सरकल्यावर मागे येता येत नाही. गटात कुणाचा त्या दिवशी वाढदिवस असेल तर दार उघडायचा मान बहुधा त्याला देतात, तेव्हा हात वर करायला लाजू नका. खाली बघा : फरशी खऱ्या यॉर्कशायरी दगडाची आहे. वर बघितलंत तर छप्परच नाही, नुसते दिवे आणि लोखंडी सांगाडे. चित्रपटात दिसणारं आभाळ नंतर संगणकावर चढवलेलं.

डम्बलडोरच्या कार्यालयातली जुनाट पुस्तकं जवळून बघा. त्यातली बरीचशी टेलिफोन डिरेक्टऱ्या आहेत, वरून चामड्यासारखी बांधणी केलेल्या. वसतिगृहातले पलंग आखूड दिसतील : पहिल्या चित्रपटाच्या वेळी मुलं लहान होती, नंतर ती वाढली आणि पलंग तेवढेच राहिले, त्यामुळे चित्रीकरणात पाय दुमडून झोपावं लागे. डायगॉन अ‍ॅलीत जादूच्या छड्या विकणाऱ्या ऑलिव्हँडरच्या दुकानात सुमारे १७,००० डब्या आहेत, प्रत्येकीवर वेगळं लेबल. लीकी कॉल्ड्रन या खाणावळीतला बोळ टोकाशी मुद्दाम लहान केलाय म्हणून लांबलचक वाटतो. समोरून न बघता बाजूने बघितलं की फसवणूक उघडी पडते.

लाल इंजिन खरं आहे. ग्रेट वेस्टर्न रेल्वेचं १९३७ साली बांधलेलं, मूळ नाव 'ओल्टन हॉल'. चित्रपटांत तेच होतं. रेल्वेच्या नोकरीत आयुष्य गेलेल्या सोलापूरकरांनी फलाटाच्या कडेला वाकून चाकं आणि दांडे बघावेत. बाकीचे डब्यात शिरायला धावतात.

शेवटची प्रतिकृती १:२४ प्रमाणात आहे. लांबच्या दृश्यांत दिसणारा हॉग्वर्ट्सचा, म्हणजे हॅरीच्या शाळेचा किल्ला म्हणजे हीच. दिवे हळूहळू बदलत दिवसाची रात्र होते आणि खिडक्या उजळतात. इथं बसायला जागा आहे. एक दिवस आणि एक रात्र पूर्ण होईपर्यंत बसा, मग भोवती फिरा. सोडायचंच असेल तर झाडूवर बसून हिरव्या पडद्यापुढे काढायचा फोटो सोडा. रांग मोठी आणि फोटोचे पैसे वेगळे.

सहा वर्षांची मुलगी अंधाराला घाबरते. नेऊ का? (अशोक चौक)

न्या, पण दोन जागा आधी सांगून ठेवा. जंगलात अंधार, धूर आणि हलणारा अवाढव्य कोळी आहे. त्याला टाळून जायची वाट असते. कर्मचाऱ्यांना आधीच विचारा, ते दाखवतात. ग्रिंगॉट्समध्ये ड्रॅगन एकदम आवाज करत आग ओकतो. ते दृश्य पडद्यावरचं असलं तरी आवाज मोठा आहे. तिथं मुलीला कडेवर घेऊन दाराशी थांबा, एकदा होऊन गेलं की पुढे जा.

सप्टेंबरच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंत 'डार्क आर्ट्स' नावाची सजावट असते. तेव्हा भीतीचा मसाला वाढवलेला असतो. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. नोव्हेंबरच्या मध्यापासून बर्फाची सजावट असते. लहान मुलांना ती जास्त आवडते.

जाण्याआधी आठही चित्रपट बघायला वेळ नसेल तर चार पुरतात. पहिला (२००१) ग्रेट हॉल आणि डायगॉन अ‍ॅलीसाठी, दुसरा (२००२) कोळी आणि उडती मोटार यांसाठी, तिसरा (२००४) नाइट बस ही जादूची बस आणि बकबीक हा अर्धा गरुड-अर्धा घोडा यांसाठी, शेवटचा (२०११) बँकेतल्या ड्रॅगनसाठी. सहा वर्षांच्या मुलीला पहिला आणि तिसऱ्यातला बसचा भाग एवढंच दाखवा.

खायचं काय? आम्ही पूर्ण शाकाहारी. शेंगा चटणी-कडक भाकरी नेली तर विमानतळावर अडवतील का? (बाळे)

शेंगा चटणी आणि कडक भाकरी कोरड्या, नीट बंद पाकिटात असतील तर सहसा अडचण येत नाही. दुधाचं काहीही नको : पेढे, तूप, चक्का, खवा. ब्रिटनमध्ये भारतातून दुग्धजन्य पदार्थ आणि मांस न्यायला बंदी आहे. चटणीत कढीपत्ता असेल तर तो कुटलेला, भाजलेलाच असू द्या. ताजी पानं सामानात ठेवू नका. आणि चटणी हातातल्या बॅगेत न ठेवता चेक-इनमध्ये टाका, डबा सांडला तर कपड्यांचं व्हायचं ते होतं.

स्टुडिओतल्या कॅफेत शाकाहारी पदार्थ मिळतात. चित्रपटातलं पेय बटरबिअर तिथं मिळतं; त्यात दारू नाही, नावाला घाबरू नका. ती फार गोड असते. चौघांत दोन ग्लास बस्स होतात.

थंडीचंही याच पत्रात विचारलंय. आत उबदार असतं, पण बॅकलॉटचा भाग उघड्यावर आहे. सोलापुरात ४२ अंश असताना तिथं १५ अंश आणि रिमझिम असू शकते. स्वेटर आणि डोक्यावर टोपी असलेलं पातळ जॅकेट हाताशी असू द्या.

शाळेच्या गॅदरिंगला ग्रेट हॉलसारख्या तरंगत्या मेणबत्त्या करायच्या आहेत. स्टेज २४ फूट रुंद आहे. कसं करावं? (शिक्षिका, सोलापूर)

पहिली गोष्ट : खरी मेणबत्ती नको. पहिल्या चित्रपटाच्या वेळी त्यांनीही खऱ्याच मेणबत्त्या तारांवर टांगल्या होत्या. ज्योतीने तारा जळून मेणबत्त्या खाली पडायला लागल्या, म्हणून पुढे त्या संगणकावर केल्या. त्यांच्याकडे अग्निशामक माणसं हजर होती; तुमच्याकडे पडदे आणि मुलं आहेत.

२४ फुटांना ४० मेणबत्त्या भरपूर दिसतात. जाड कागदाच्या, दीड इंच व्यासाच्या नळ्या घ्या. कापडाच्या दुकानात, यंत्रमाग कारखान्यात अशा नळ्या रद्दीत पडलेल्या असतात. सोलापुरात त्यांची ददात नाही. ६, ८ आणि १० इंच अशा तीन मापांत कापा. एकसारख्या कापल्या तर ट्यूबलाइट टांगल्यासारख्या दिसतात. वरच्या कडेवरून ग्लू गनने ओघळ सोडा, वाळले की सगळ्याला फिकट पिवळसर रंग द्या; पांढराशुभ्र रंग स्टेजच्या दिव्यात खडूसारखा दिसतो. वरच्या तोंडाशी, अर्धा इंच आत, बटन सेलवर चालणारा छोटा एलईडी दिवा बसवा. दिव्याचं बटन नळीच्या खालच्या तोंडातून काडीने दाबता येईल असं ठेवा, नाहीतर कार्यक्रमाआधी ४० नळ्या उतरवाव्या लागतील.

टांगायला ०.३ मिलिमीटरचा नायलॉनचा मासेमारीचा दोरा. प्रत्येक नळीला समोरासमोर दोन भोकं आणि दोन दोरे. एकाच दोऱ्यावर टांगली तर ती गोल गोल फिरते. दोरे छताला एकेक न बांधता आधी १० फूट लांबीच्या चार बांबूंना बांधा आणि मग बांबू वर ओढा. उंची जुळवणं खाली उभं राहून होतं. बांबू एकामागे एक, दोन-दोन फुटांवर. सगळ्यात खालची मेणबत्ती सर्वांत उंच मुलाच्या डोक्यावर किमान तीन फूट.

बिघडतं ते पंख्यामुळे. हॉलचे छताचे पंखे चालू राहिले की दोरे एकमेकांत अडकतात आणि सोडवता सोडवत नाहीत. स्टेजवरचे पंखे बंद ठेवा, प्रेक्षकांतले चालू द्या, आणि रंगीत तालीम पंखे चालू असतानाच करा, म्हणजे वारा कुठवर पोचतो ते कळेल. मागचा पडदा काळा हवा. निळ्या पडद्यावर दोरे चमकतात.

लंडन झेपणार नाही. जवळपास असं काही? (अक्कलकोट रोड)

हॅरी पॉटरचं नाही. पण चित्रपटातल्या काल्पनिक राज्यात शिरायचं असेल तर हैदराबादच्या पलीकडे रामोजी फिल्म सिटीत 'बाहुबली'चा माहिष्मतीचा सेट बघायला मिळतो. दोन भाग, २०१५ आणि २०१७ चे. १९९६ पासूनची ही फिल्म सिटी जगातला सर्वांत मोठा फिल्म स्टुडिओ म्हणून गिनीजच्या नोंदीत आहे.

सोलापूरकरांना रस्ता सोपा : पुणे–सोलापूर–हैदराबाद–विजयवाडा हा एकच राष्ट्रीय महामार्ग ६५. नळदुर्ग, उमरगा, हुमनाबाद, जहीराबाद करत हैदराबादपर्यंत साधारण ३१० किलोमीटर. शहरात शिरू नका. मुत्तंगीला रिंग रोडवर चढा आणि पेद्दा अंबरपेटला उतरा, तिथं हाच महामार्ग पुन्हा लागतो आणि फिल्म सिटी थोड्याच अंतरावर. शहरातून जाण्याचा हट्ट केला तर दोन तास सिग्नलवर जातात.

फरक एवढाच की लीव्हस्डन बहुतांशी छपराखाली आहे, इथं जवळपास सगळं उघड्यावर. मे महिन्यात जाऊ नका. डिसेंबर-जानेवारी बरा. आदल्या रात्री हैदराबादला मुक्काम करून सकाळी दार उघडताना आत जा; त्याच दिवशी सोलापूरहून निघून दुपारी पोचलात तर अर्धं तिकीट वाया जातं. आतल्या बसगाड्या ठरलेल्या वाटेने फिरवतात, माहिष्मतीच्या सेटवर त्या किती वेळ थांबणार ते बसमध्ये चढतानाच विचारून घ्या.

जादूची छडी विकत घेतली तर विमानात चालते का? कर परत मिळतो का? (वय १५, रेल्वे लाइन्स)

छडी चेक-इनच्या बॅगेत ठेव. लांब डबा आहे, बॅगेत तिरपा बसतो. १४ इंचांपेक्षा लांब बॅग घेऊन जा. हातातल्या सामानात नेलीस तर तपासनीसाच्या मर्जीवर राहावं लागेल. कर परत मिळत नाही : ब्रिटनने पर्यटकांना दुकानातल्या खरेदीवरचा व्हॅट परत देणं १ जानेवारी २०२१ पासून बंद केलंय, लंडनच्या दुकानांतही तेच. आणि दुकान दोनदा लागतं, आगगाडीपाशी आणि बाहेर पडताना. पहिल्या दुकानात घेतलेली छडी उरलेले दोन तास हातात वागवावी लागते. शेवटच्याच दुकानात घे.